कोर स्कायफिशर नेमका किती कामाचा? पॉपर डेकच्या प्रकल्प नोंदी

१ जून २०२५

पॉपर म्हणजे मॅजिक: द गॅदरिंग या कार्डांच्या खेळाचा काटकसरी प्रकार. कधी ना कधी कॉमन (सगळ्यात सहज मिळणारं कार्ड) म्हणून निघालेलीच कार्डं डेकमध्ये, म्हणजे खेळाडूच्या गठ्ठ्यात, चालतात. आमचा रविवारचा गट हेच खेळतो, कारण पूर्ण डेक कुणाच्याही खिशाला परवडतो.

जानेवारी २०२२ मध्ये बंदी आलेलं प्रॉफेटिक प्रिझम हे कार्ड या ३१ मार्चला प्रायोगिक तत्त्वावर पुन्हा खुलं झालं. तेव्हापासून गटात एकच विषय आहे: जुना लाल-पांढरा डेक कपाटातून काढायचा का? त्या डेकचा कणा म्हणजे कोर स्कायफिशर. तो चांगला आहे असं सगळेच म्हणतात. कधी चांगला आणि कधी नाही, हे विचारलं की "खेळून बघ" असं उत्तर येतं. म्हणून खेळून बघतोय आणि लिहून ठेवतोय.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: २००९ च्या झेंडिकार संचातला कॉमन. किंमत दोन मॅना (कार्ड उतरवायला लागणारं बळ, ते लँड म्हणजे जमिनीची कार्डं टॅप करून, आडवी फिरवून, मिळतं), त्यातला एक पांढरा. पॉवर (मारण्याची ताकद) २, टफनेस (सोसण्याची ताकद) ३, आणि उडतो. दोन मॅनात २/३ उडणारा म्हणजे कॉमनमध्ये चैनच. त्याचा मोबदला असा की तो टेबलावर आला की आपल्या ताब्यातलं एक पर्मनंट (टेबलावर टिकून राहणारं काहीही) उचलून मालकाच्या हातात परत द्यायचं. ही कल्पना जुनी आहे. २००१ च्या प्लेनशिफ्टमध्ये हॉर्न्ड कावूसारखी क्रीचर्स (लढणारी कार्डं) होती, पण ती फक्त ठरावीक रंगाचं क्रीचर परत मागायची. स्कायफिशरला काहीही चालतं: लँड, आर्टिफॅक्ट (वस्तूचं कार्ड), टोकन (दुसऱ्या कार्डाने तयार केलेली खूण), अगदी तो स्वतःसुद्धा. सगळी भानगड या "काहीही" मध्ये आहे.

तपासणीसाठी यादी: थ्राबेन इन्स्पेक्टर ४, नोव्हिस इन्स्पेक्टर ४, एक्स्पेरिमेंटल सिंथेसायझर ४, स्कायफिशर ४, ग्लिंट हॉक ४, प्रिझम ४, लाइटनिंग बोल्ट ४, गॅल्व्हॅनिक ब्लास्ट ४, बॅटल स्क्रीच ३, जर्नी टू नोव्हेअर ३, लँड २२. लँडमध्ये ग्रेट फर्नेस, एन्शंट डेन, रस्टवेल ब्रिज आणि विंड-स्कार्ड क्रॅग प्रत्येकी ४, प्लेन्स आणि माउंटन प्रत्येकी ३.

२ जून

माझ्याकडे स्कायफिशर, बोल्ट आणि लँड खऱ्या आहेत. बाकीचं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत छापून आणलं. खर्च छपाईपेक्षा स्लीव्हचा (कार्डाच्या प्लास्टिक पाकिटांचा) जास्त. ज्यांना करायचंय त्यांनी एक ध्यानात ठेवा: अधिकृत स्पर्धेत असले कागद चालत नाहीत, घरच्या टेबलावर चालतात.

संध्याकाळ पूर्ण वाया गेली ती जाडीमुळे. कागदाच्या मागे जुनं रद्दी कार्ड घालून स्लीव्हमध्ये सरकवलं, तर ते खऱ्या कार्डापेक्षा जाड झालं. पिसताना बोटाला सरळ कळतं की वरचं कार्ड बोल्ट आहे की सिंथेसायझर. शेवटी खऱ्या कार्डांच्या स्लीव्हमध्येही कोऱ्या कागदाचा तेवढाच तुकडा घातला. साठही कार्डं बाहेर काढून पुन्हा भरली. पहिल्यांदाच असं करा.

आणखी एक चिठ्ठी तयार केली, तिचा उपयोग पुढे येईल. त्यावर लिहिलंय: "दोन मॅना, २/३, उडतो. बस." म्हणजे परत घेण्याची अट नसलेला काल्पनिक स्कायफिशर. अट ओझं आहे की फायदा हे ठरवायचं तर तुलनेला अटीविनाचं काहीतरी हवं. गटात यावर हशा झाला, पण माझ्या मते या प्रकल्पातली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच निघाली.

८ जून

समोर कुणी नसताना, एकट्यानेच स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुरुवात केली. पहिल्या दोन-तीन पाळ्या खेळायच्या, स्कायफिशर उतरला की काय परत घेतलं ते वहीत लिहायचं, पुन्हा पिसायचं.

ठरलेली चाल सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या पाळीला इन्स्पेक्टर. एक मॅना, १/२, आणि आला की एक क्लू टोकन देतो. दोन मॅना देऊन क्लू मोडला की एक कार्ड ओढायचं. दुसऱ्या पाळीला स्कायफिशर, इन्स्पेक्टर हातात. तिसऱ्या पाळीला इन्स्पेक्टर पुन्हा, दुसरा क्लू. कागदावर हे इतकं गोड दिसतं की वाटतं हाच स्कायफिशरचा खरा धंदा.

पण पहिल्या पाळीला एक मॅनाचं काहीतरी हातात असेल तरच ही चाल होते. त्याचा हिशेब केला. साठ कार्डांच्या डेकमध्ये असं कार्ड ४ प्रतींत असेल तर पहिल्या सात कार्डांत किमान एक येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के. ८ प्रती असतील तर ६५. १२ असतील तर ८१. दोन्ही इन्स्पेक्टर मिळून आठ, सिंथेसायझर धरून बारा. म्हणजे बारा असूनही पाच डावांत एकदा स्कायफिशरला दुसऱ्या पाळीला उचलायला लँडशिवाय काही नसणार. आपण पहिले खेळत असू तर हा हिशेब सात कार्डांवरच करायचा. दुसऱ्या पाळीला ओढलेलं कार्ड पहिल्या पाळीला उतरवता येत नाही, आठ धरले की आकडे फुगतात.

हातात रंगांचा मेळ बसेलच असंही नाही. सिंथेसायझर लाल, इन्स्पेक्टर पांढरा, आणि क्रॅग व ब्रिज दोन्ही टॅप होऊन येतात, म्हणजे त्या पाळीत मॅना देत नाहीत. खरी टक्केवारी याहून खाली आहे. किती खाली, याचा हिशेब करण्यापेक्षा खेळणं बरं असं ठरवलं.

१५ जून

गट जमला. पहिला दिवस तीन वेगवेगळ्या डेकांविरुद्ध गेला. एकट्याने केलेल्या सरावाचा निम्मा निष्कर्ष दुपारपर्यंत निकामी झाला, कारण एकट्याने खेळताना समोरून कुणी हल्ला करत नाही. इन्स्पेक्टर उचलून हातात घेतला की टेबलावर अडवणारं एक क्रीचर कमी होतं. लाल डेकसमोर त्या एका १/२ ची किंमत तीन-चार लाइफ आहे.

वहीत रकाने आखले: लँड, इन्स्पेक्टर, सिंथेसायझर, टोकन, इतर, आणि "काउंटर झाला" (समोरच्याने तो उतरण्याआधीच रद्द केला). स्कायफिशर उतरला की एक रेघ. शेजारी दुसरा रकाना: जे उचललं ते त्याच पाळीत पुन्हा टाकता आलं का, हो की नाही.

नियमांची एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण आमच्याकडे यावर वाद झाला. स्कायफिशरचा ट्रिगर (तो आला की आपोआप घडणारा परिणाम) कशालाही टार्गेट करत नाही, म्हणजे आधीच नेम धरत नाही. काय उचलायचं ते ट्रिगर उलगडताना ठरतं. त्यामुळे समोरच्याला आधीच कळत नाही. पण ट्रिगर स्टॅकवर, म्हणजे उलगडायची वाट बघत, असताना त्याने बोल्ट मारून स्कायफिशर संपवला, तरी उचलणं चुकत नाही. स्कायफिशर गेला आणि वर एक पर्मनंटही हातात आलं, असा दुहेरी फटका. उलट, स्कायफिशर टाकतानाच काउंटर झाला तर तो टेबलावर येतच नाही, म्हणून काही उचलावंही लागत नाही.

२१ जून

पालख्या शहरात, निम्मे रस्ते बंद, गटातलं कुणी आलं नाही. घरात धाकटी बहीण होती. ती निळा फेअरी (परी-क्रीचर्सचा) डेक खेळते आणि माझ्यापेक्षा बरी खेळते.

तिसरी पाळी. माझ्या टेबलावर दोन लँड आणि सिंथेसायझर, हातात एक लँड आणि स्कायफिशर. मी सवयीने लँड टाकली, दोन टॅप केल्या, स्कायफिशर उतरवला आणि सिंथेसायझर उचलला. सिंथेसायझर येतानाही आणि जातानाही डेकचं वरचं कार्ड बाजूला काढून देतो. ते त्याच पाळीत खेळलं तर आपलं, नाहीतर गेलं. वर आली लँड. पाळीतली लँड टाकून झाली होती, त्यामुळे ती गेली.

"दादा, तू लँड आधी का टाकतोस?"

"तीन मॅना हवेत ना."

"दोनच्याच कार्डाला?"

मग तिने माझीच कार्डं माझ्यासमोर पुन्हा मांडली. लँड हातातच ठेव. टेबलावरच्या दोन टॅप कर, स्कायफिशर उतरव, सिंथेसायझर उचल. वरचं कार्ड लँड निघालं तर ती टाक, हातातली पुढच्या पाळीला. लँड नसेल तर हातातली टाक, आणि त्या एका मॅनावर निघालेलं एक मॅनाचं कार्ड खेळ किंवा सिंथेसायझर पुन्हा उतरव. दोन्ही बाजूंनी लँड वाया जात नाही.

पुढचे डाव तसे खेळलो. फरक उघड्या डोळ्यांना दिसत होता.

तिच्या बाजूने दोन गोष्टी शिकण्यासारख्या. तिचा स्पेलस्टटर स्प्राइट तिच्याकडे जितके फेअरी, तितक्याच किंवा त्याहून कमी किमतीचं कार्ड काउंटर करतो. तो स्वतः एक धरून. म्हणजे तिच्या टेबलावर आधी एकही फेअरी नसेल तर दोन मॅनाचा स्कायफिशर त्याच्या आवाक्याबाहेर. आपण पहिले असू आणि तिने पहिल्या पाळीला फेअरी टाकला नसेल, तर दुसऱ्या पाळीला बेधडक उतरवायचा. तिसऱ्या पाळीपर्यंत थांबलात की खिडकी बंद.

दुसरं, तिने स्नॅप वापरून माझा स्कायफिशर हातात परत पाठवला. एरवी हा चांगला टोला असतो. इथे तिने मला सिंथेसायझर पुन्हा उचलायची संधी दिली. डाव संपल्यावर तिने स्नॅप डेकमधून काढून बाजूला ठेवलं.

२९ जून

वही तपासली आणि डोक्याला हात लावला. २१ तारखेच्या आधीच्या सगळ्या रेघा लँड आधी टाकण्याच्या सवयीतल्या आहेत. "त्याच पाळीत पुन्हा टाकता आलं का" या रकान्यात "नाही" इतके का, याचं उत्तर कार्डात नव्हतं, माझ्या हातात होतं. ती पानं फाडली नाहीत, पण त्यांच्यावर फुली मारली. दोन आठवड्यांचं काम बाद. तुम्ही असं काही मोजणार असाल तर खेळण्याचा क्रम आधी पक्का करा, मग मोजा.

नव्या क्रमाने खेळल्यावर सगळ्यात जास्त रेघा लँडच्या रकान्यात पडू लागल्या, आणि त्यातल्या बहुतेकांसमोर "हो". याची मला अपेक्षा नव्हती, म्हणून सविस्तर लिहितो.

तिसरी पाळी, टेबलावर दोनच लँड आणि हातात तिसरी नाही. एरवी ही रडकी अवस्था. स्कायफिशर हातात असेल तर दोन्ही लँड टॅप करायच्या, तो उतरवायचा, टॅप झालेली लँड उचलायची आणि या पाळीची लँड म्हणून तीच पुन्हा टाकायची. ती ताजी येते. म्हणजे दोन लँडवर तीन मॅना: दोन स्कायफिशरला, एक बोल्टला किंवा इन्स्पेक्टरला. नुकसान शून्य, कारण टाकायला दुसरी लँड नव्हतीच.

हीच चाल दुसऱ्या पाळीला केली तर फसते. तिथे दोन मॅनासाठी दुसरी लँड आधीच टाकावी लागते, मग उचललेली लँड पुढच्या पाळीपर्यंत हातात बसते. पुढच्या पाळीला हातात दुसरी लँड असेल तर आपण एक पाळी मागे पडलो. नसेल तर काहीच बिघडलं नाही. थोडक्यात, स्कायफिशर दुसऱ्या पाळीला लँड उचलतो तेव्हा किंमत त्यालाच पडते ज्याच्या हातात लँड भरपूर आहेत. लँडची टंचाई असलेल्याला तो फुकट पडतो. यामुळे दोन लँडचा हात ठेवायचा की पुन्हा ओढायचा, हा माझा निर्णयच बदलला. स्कायफिशर आणि एक मॅनाचं कार्ड सोबत असेल तर मी आता दोन लँडवर बसतो.

क्रॅग उचलली तर ती पुन्हा टॅप होऊनच येते, जादा मॅना मिळत नाही. मिळतं ते एक लाइफ. चौथ्या-पाचव्या पाळीनंतर लाल डेकसमोर ते एक लाइफही मी आनंदाने घेतो.

१२ जुलै

लाल डेकविरुद्ध पूर्ण दिवस, आणि शेजारी ती "बस" चिठ्ठी. अर्धे डाव खऱ्या स्कायफिशरने, अर्धे चिठ्ठीने.

दुसऱ्या पाळीला चिठ्ठी सरळ वरचढ ठरली. टेबलावरचं काही उचलावं लागत नाही, अडवणारं क्रीचर तसंच राहतं, पुढच्या पाळीला लँडची घडी विस्कटत नाही. म्हणजे या डेकसमोर सुरुवातीला अट हे ओझंच आहे. पाचव्या पाळीच्या पुढे गेलेल्या डावांत मात्र चिठ्ठी नुसतीच २/३ राहिली, आणि खऱ्या स्कायफिशरने एखादा इन्स्पेक्टर उचलून आणखी एक कार्ड मिळवून दिलं.

मधला मार्ग टोकनच्या रकान्यात सापडला. क्लू हेसुद्धा पर्मनंटच. स्कायफिशरने क्लू उचलला की तो हातात जाऊन नाहीसा होतो, पण इन्स्पेक्टर अडवायला टेबलावरच राहतो. क्लू मोडायला दोन मॅना लागतात आणि लाल डेकसमोर चौथ्या पाळीपर्यंत ते दोन मॅना मोकळे नसतातच. न मोडलेला क्लू देऊन २/३ उडणारा मिळतो, हा सौदा चांगला आहे. हे मनाला पटायला वेळ लागतो. कार्ड फुकट सोडल्यासारखं वाटतं.

याच विचाराने एक प्रयोग केला: नोव्हिस इन्स्पेक्टरच्या जागी व्होल्डारेन एपिक्युअर. लाल एक मॅना, १/१, आला की समोरच्याला एक डॅमेज आणि आपल्याला एक ब्लड टोकन. ब्लड टोकन स्कायफिशरलाही देता येतं, आणि ते आर्टिफॅक्ट असल्याने, येताना आर्टिफॅक्टच परत मागणाऱ्या ग्लिंट हॉकलाही. खेळायला मजा आली, पण तो पांढरा नाही. ते नडलं कुठे, ते पुढच्या नोंदीत.

टफनेस तीनबद्दल एक टीप. बोल्ट आणि चेन लाइटनिंगने तो मरतो, त्याला इलाज नाही. पण ब्रेथ वेपन टेबलावरच्या ड्रॅगन नसलेल्या प्रत्येक क्रीचरला दोनच डॅमेज देतं. माझे इन्स्पेक्टर, हॉक, बॅटल स्क्रीचचे पक्षी सगळे साफ झाले आणि स्कायफिशर उभा राहिला. ज्या गटात लोक ब्रेथ वेपन ठेवतात तिथे हॉकपेक्षा त्याचा भाव बराच वर.

२० जुलै

ग्रिक्सिस अफिनिटी, म्हणजे आर्टिफॅक्टवर चालणारा निळा-काळा-लाल डेक. आजचा दिवस जर्नी टू नोव्हेअरचा, आणि तो वाईट अर्थाने.

जर्नी समोरचं एक क्रीचर हद्दपार करते. जर्नी टेबलावरून गेली की ते परत येतं. मोठमोठ्या डेकयाद्यांखाली लोक लिहितात की स्कायफिशरने जुनी जर्नी उचलून ती आणखी मोठ्या क्रीचरवर लावता येते. ऐकायला झकास.

डाव असा होता. माझ्या जर्नीखाली समोरच्याचा रिफर्बिश्ड फॅमिलियर. त्याने मिर एन्फोर्सर उतरवला, ४/४. मी म्हटलं, जर्नी उचलतो आणि एन्फोर्सरवर लावतो, दोन मॅना राखून ठेवलेत. स्कायफिशर उतरवला, जर्नी उचलली. माझ्या हातात आता एकच कार्ड, जर्नी. फॅमिलियर परत आला. तो येताना समोरच्या भिडूला एक कार्ड फेकायला लावतो. मी जर्नी फेकली.

हा ट्रिगर उलगडेपर्यंत मला जर्नी टाकायची संधीच नाही. दोन मॅना हातावर हात ठेवून बसले. समोरचा इतका हसला की त्याला पाणी प्यावं लागलं.

तेव्हापासूनचा नियम: जर्नीखालचं क्रीचर येताना काहीतरी करत असेल तर जर्नीला हात लावायचा नाही. जर्नीखाली टोकन असेल तर मात्र बिनधास्त, कारण हद्दपार झालेलं टोकन परत येतच नाही. असा प्रसंग क्वचित येतो, पण आला की जर्नी फुकटात पुन्हा वापरायला मिळते.

स्कायफिशरच्या बाजूचं दिवसभरात एवढं: अफिनिटीचा क्रार्क-क्लॅन शामन आर्टिफॅक्ट मोडून न उडणाऱ्या प्रत्येक क्रीचरला एकेक डॅमेज देतो. उडणाऱ्याला तो शिवतही नाही. फॅमिलियर उडतो, पण २/१ आहे. २/३ समोर उभा असला की तो हल्ल्याला येत नाही. पॉपरमध्ये उडणारी क्रीचर्स बहुतेक १/१, २/१, २/२ अशीच असतात. स्कायफिशरने अडवलं की ती मरतात किंवा अडकून पडतात, तो राहतो. उलटलेला डेल्व्हर, ३/२, हा अपवाद. तिथे दोघेही जातात आणि त्याने एकच मॅना खर्च केलेला असतो.

२६ जुलै

बॅटल स्क्रीच. चार मॅनात दोन १/१ पांढरे उडणारे पक्षी, आणि फ्लॅशबॅकसाठी (तेच कार्ड आणखी एकदा वापरण्यासाठी) मॅना नाही तर तीन अनटॅप पांढरी क्रीचर्स टॅप करायची. नुकतंच आलेलं क्रीचरही यासाठी टॅप करता येतं. म्हणजे दोन नवे पक्षी आणि आधीचं एक पांढरं क्रीचर असलं की त्याच पाळीत आणखी दोन पक्षी.

तिसरं कोण, हा प्रश्न आहे. एपिक्युअर लाल, तो चालत नाही. म्हणून तो प्रयोग आज गुंडाळला, नोव्हिस परत आत. स्कायफिशर टॅप केला तर त्याचा या पाळीचा हल्ला गेला, आणि हल्ला करून झाल्यावर तो टॅप असतो, तेव्हा उपयोगाचा नाही. तिसरा हवा तो इन्स्पेक्टर. हातात स्क्रीच असेल तर तिसऱ्या पाळीला स्कायफिशरने इन्स्पेक्टर उचलू नये. चौथ्या पाळीला चारही मॅना स्क्रीचला जातात, इन्स्पेक्टर पुन्हा उतरवायला एक मॅनाही उरत नाही. लँड उचलून परत टाकता येत नसेल तर तीही नाही, कारण चौथी लँड लागेल. उरतो क्लू किंवा सिंथेसायझर.

८ जूनला जी चाल स्कायफिशरचा खरा धंदा वाटली होती, ती या डेकच्या सगळ्यात मोठ्या चालीच्या आड येते. आता स्कायफिशर उतरवण्याआधी मी पुढच्या पाळीचे मॅना मोजतो, मगच उचलायचं काय ते ठरवतो.

एफेमरेट (आपलं क्रीचर हद्दपार करून लगेच परत आणणारं कार्ड) दोन प्रती घालून पाहिलं, फार लिहिण्यासारखं नाही. बोल्टमधून स्कायफिशर वाचतो, पण परत येताना पुन्हा काहीतरी उचलायला लावतो, तेही समोरच्याच्या पाळीत, जेव्हा आपण लँड टाकू शकत नाही. इन्स्पेक्टरवर छान चालतं. त्यासाठी दोन जागा देण्याची माझी तयारी नाही.

३ ऑगस्ट

ज्याच्यामुळे सगळं सुरू झालं ते प्रिझम शेवटी. दोन मॅना, आला की एक कार्ड. स्कायफिशरने उचललं की पुन्हा दोन मॅना, पुन्हा एक कार्ड. २०२२ पूर्वी हीच जोडी डेकचं इंजिन होती. आज माझ्या वहीत प्रिझमच्या नावासमोर रेघा तुरळक आहेत. तिसऱ्या पाळीला प्रिझम टाकायचं म्हटलं तर टेबलावर काहीच घडत नाही, आणि सिंथेसायझर तेच काम एका मॅनात, जाता-येता दोन्हीकडे करतो. तो २०२२ च्या फेब्रुवारीत, म्हणजे प्रिझमवर बंदी आल्यानंतर, निघाला. प्रिझमची जागा मधल्या काळात भरून गेलेली आहे. जास्त रंगांच्या डेकवाल्यांना रंग जुळवायला त्याचा उपयोग असेल, दोन रंगांच्या या डेकला नाही. चारही काढली.

निळ्या टेरर डेकसमोर शेवटचे डाव. टोलेरियन टेरर ५/५, त्याला टार्गेट करायला दोन मॅना जादा मोजावे लागतात, माझे बोल्ट त्याच्यापुढे किरकोळ. पण तो उडत नाही. इथे स्कायफिशर आणि पक्षी त्याच्या डोक्यावरून जातात आणि खाली इन्स्पेक्टर एकेक करून अंगावर घेतात. हेच डाव चिठ्ठीने खेळून पाहिले तर चिठ्ठीही उडतेच, पण खाली बळी द्यायला इन्स्पेक्टर पुरत नाहीत, कारण कार्डं कमी पडतात. अट इथे निखळ फायदा ठरली.

त्यामुळे यादीत शेवटी हे बदल: स्कायफिशर चारच्या चार. हॉक चारवरून दोन. दोन्ही सोबत हातात आले की उचलायला पुरेसं टेबलावर नसतं, आणि हॉकला आर्टिफॅक्टच लागतं. प्रिझमच्या चार आणि हॉकच्या दोन अशा सहा जागा रिकाम्या. तिथे स्क्रीच चौथी, एपिक्युअर दोन आणि लेंबास तीन. एपिक्युअर परत का? स्क्रीचसाठी तो चालत नाही खरा, पण दोनच असले तर टोकनची सोय होते आणि आठही इन्स्पेक्टर जागेवर राहतात. एक मॅनाची उचलण्याजोगी कार्डं बारावरून चौदा झाली.

लेंबास अजून छापायचंय. झेरॉक्सवाला मंगळवारी उघडतो.

१० ऑगस्ट

नव्या यादीने दिवसभर. लेंबास येताना एक कार्ड निवडून ओढू देतं आणि लाइफही देऊ शकतं, पण दोन मॅनाचंच आहे, प्रिझमसारखीच अडचण थोड्या कमी प्रमाणात. तीनवरून दोन करतोय, सुटलेल्या जागी तेविसावी लँड. तेविसावी कशाला, असं गटातल्या एकाने विचारलं, स्कायफिशर लँड वाचवतो ना? तो दोन लँडवर तारतो, हे खरं. स्क्रीचला चार लागतात.

वहीची पानं फोटो काढून गटात टाकली आहेत. बहिणीने "बस" चिठ्ठी मागून नेली. तिला स्पेलस्टटरची तशीच चिठ्ठी करायची आहे.